चटई नंतर, आधी पाळ्यांचा तक्ता

दर २१ जूनला, योगदिनी, बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कुठे ना कुठे हे चित्र दिसते. कंपनीच्या आवारात हिरव्या मॅट अंथरलेल्या, मागे भलामोठा बॅनर, आणि ताडासनात उभ्या असलेल्या रांगांमध्ये डोळे तारवटलेली काही माणसे. ही रात्रपाळीची माणसे. सकाळी सातला सुटलेली, पण फोटोत रांगा भरलेल्या दिसायला हव्यात म्हणून थांबवून घेतलेली. ज्यांच्या तब्येतीला त्या घडीला फक्त झोप हवी आहे, त्यांना तब्येतीच्या कार्यक्रमासाठी जागे ठेवायचे आणि वर्षअखेरीच्या अहवालात ते ‘कर्मचारी कल्याण’ या रकान्यात दाखवायचे!

योगासनांशी माझे भांडण नाही. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात राहून व्यायामाला नावे ठेवायची कुणाची टाप आहे? भांडण आहे ते त्यामागच्या हिशेबाशी. तो हिशेब असा मांडला जातो: कर्मचारी खुशाल असेल तर कामात जीव ओततो, जीव ओतला की उत्पादन वाढते, म्हणून खुशालीवर खर्च करा. ऐकायला बिनतोड. मग मनुष्यबळ विभाग ध्यानधारणेचे ॲप विकत घेतो, समुपदेशनाची हेल्पलाइन लावतो, बुधवारी फळे वाटतो, शुक्रवारी झुंबा ठेवतो. काही महिन्यांनी एंगेजमेंटचा, म्हणजे माणूस कामात किती मनापासून गुंतला आहे याचा, सर्वे होतो. आकडा जागचा हललेला नसतो. मग दुसरे ॲप येते. या सगळ्या धामधुमीत पाळ्यांचा तक्ता, ओव्हरटाइमचा दर, पगाराची तारीख आणि रजेच्या अर्जावर सही करणाऱ्या साहेबाचा स्वभाव यांना कुणीही हात लावत नाही. नोकरदार माणसाचे बरेवाईट मात्र याच चार ठिकाणी ठरते. ते तसेच ठेवून वरून जे काही वाटले जाते, ते खाऊन, ऐकून, नाचून माणूस पुन्हा त्याच तक्त्यासमोर येऊन उभा राहतो.

हे कुणा नाराज माणसाचे रडगाणे वाटू नये म्हणून थोडे पुरावे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आपल्याच सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले गेले. काहींना आरोग्य तपासणी, वर्ग, भाग घेतल्याबद्दल बक्षिसे. उरलेल्यांना काही नाही. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वैद्यकीय खर्चात आणि गैरहजेरीत दखल घ्यावी असा फरक पडला नव्हता. खरी मौज पुढे आहे. कार्यक्रमाला आपणहून आलेले लोक मुळातच निरोगी निघाले. म्हणजे ‘बघा, आमच्या वेलनेसवाल्यांची तब्येत कशी ठणठणीत’ असे जे आजवर स्लाइडवर दाखवले जात होते, त्यात कार्यक्रमाचे कर्तृत्व थोडेच होते. ठणठणीत माणसेच तिकडे वळत होती. २०२४ साली ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण हाताळण्याचे वर्ग, मन कणखर करण्याचे प्रशिक्षण, झोपेचे ॲप हे सगळे घेतलेले आणि न घेतलेले लोक मनःस्थितीच्या बाबतीत एकाच पातळीवर होते. ठळक अपवाद होता तो कामाच्या वेळात समाजकार्याची संधी मिळालेल्यांचा. मला यात नवल वाटत नाही. तिथे माणसाला काहीतरी करायला दिले होते. बाकी ठिकाणी त्याला दुरुस्त करायला घेतले होते.

तरीही खुशालीचा आणि कामाचा संबंधच नाही असे म्हणणे हे दुसरे टोक झाले. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरमधल्या सुमारे १,८०० विक्री कर्मचाऱ्यांना सहा महिने, दर आठवड्याला, मन कसे आहे हे विचारले गेले. मन प्रसन्न असलेल्या आठवड्यांत त्यांची विक्री १३ टक्क्यांच्या आसपास जास्त भरली. कार्यकारणाचा धागा पकडायला संशोधकांनी एक गमतीशीर गोष्ट वापरली: खिडकीबाहेरचे हवामान. मळभ दाटले की मन खट्टू, मन खट्टू की विक्री कमी. संबंध खरा आहे, पण प्रसन्नता बाजारातून आणून वाटता येते हा त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे.

एंगेजमेंट या विषयाचा आज जो मोठा धंदा झाला आहे, त्याच्या मुळाशी विल्यम कान यांचा १९९० सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी एका उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुरचना फर्ममधले लोक जवळून पाहिले. माणूस कामात स्वतःला कधी झोकून देतो? त्यांना तीन अटी दिसल्या. काम अर्थपूर्ण वाटले पाहिजे; मोकळेपणाने वागले-बोलले तर अंगाशी येणार नाही अशी खात्री पाहिजे; आणि कामाला देण्यासाठी अंगात-मनात काही शिल्लक पाहिजे. आपल्याकडची भाषणे पहिल्या अटीवर रंगतात. ‘आपण राष्ट्र घडवतो आहोत’ वगैरे. दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीचे नाव काढले की सभागृहात खाकरणे सुरू होते.

तिसरी अट बडोद्याला कुणी शिकवायची गरज नाही. कोयली, रणोली, नंदेसरी या पट्ट्यातली माणसे अखंड चालणाऱ्या प्लँटवर जगलेली आहेत. अशा प्लँटमध्ये पाळी घड्याळाने संपत नाही, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्यावर संपते. तो आला नाही तर आठाचे सोळा तास. घरी फोन जातो, ‘जेवून घ्या, मला डबल आहे.’ एखाद्या वेळी हे कुणीही आनंदाने करतो, सहकाऱ्याचे मूल आजारी असते, उद्या आपले असेल. पण माणसेच कमी भरून ठेवली की ‘एखाद्या वेळी’चे ‘दर आठवड्याला’ होते. अशा माणसाच्या अंगात सोळाव्या तासाला काय शिल्लक असेल? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला अंदाज असा, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. अशा माणसाला पाठवायचा ईमेल मात्र ‘पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या’ असा असतो. बाईमाणूस असेल तर शिल्लक आणखी कमी. तिची दुसरी पाळी मस्टरवर लागतच नाही. ती मांजलपूरच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅससमोर उभी राहून पार पडते.

उत्साह आटला आहे असे मला वाटत नाही. नवरात्रात याच शहरातली माणसे मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळतात आणि पहिल्या पाळीला सातच्या आत पंचिंग करतात. गरब्यात कुठल्या फेरीत शिरायचे, कधी बाहेर पडायचे हे ज्याचे तो ठरवतो. हा आपल्या हातातला भाग किती, यावरच खुशालीचे बरेचसे गणित बसते. लंडनच्या सरकारी नोकरांवरचे व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाले. तोवर समज असा की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार, कारण जबाबदारीचा ताण त्यांना. आकडे उलटे निघाले. सगळ्यात खालच्या दर्जाच्या शिपाई-निरोप्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होता. १९८५ पासूनच्या दुसऱ्या फेरीत एक कारण ठळक झाले: आपल्या कामावर आपला ताबा नसणे. काम जास्त असणे माणूस सोसतो. काम जास्त आणि आवाज शून्य, हे शरीर सोसत नाही.

सावली रोडवरच्या एका कारखान्यात मी एक फोरमन पाहिला. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळ्यांनाच सुट्टी हवी असते, १४ जानेवारीला नाही तर निदान १५ च्या वासी उत्तरायणाला. दरवर्षी त्यावरून भांडणे, रुसवे, खोटी आजारपणे. या गृहस्थांनी डिसेंबरच्या सुरुवातीलाच वर्षभराच्या सणांची यादी कामगारांच्या हातात दिली. गणपती, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण, छठ, ईद. कोण कधी थांबणार ते तुम्ही आपसात ठरवा, प्लँट बंद पडता कामा नये एवढी एकच अट. मराठी पोरांनी गणपतीची रजा घेऊन छठला बिहारच्या लोकांची पाळी भरली. खोटी आजारपणे जवळपास थांबली. कंपनीचा यात एक रुपया गेला नाही, आणि कदाचित म्हणूनच त्या फोरमनला कुठल्याही समारंभात सन्मानचिन्ह मिळाले नाही.

इथे जुनी मंडळी म्हणतील, की पूर्वी हे सगळे आपोआप होते. आजोबा कोठी कचेरीत, वडील अलेंबिकात किंवा रिफायनरीत, काका फर्टिलायझरनगरच्या क्वार्टरमध्ये. घर कंपनीचे, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, आणि निवृत्तीला घड्याळ. बडोद्याच्या मराठी घरांत या आठवणी अजून ऊबदार आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही किती बारीक विचार केला होता बघा: २५० हून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह आणि उन्हाळ्यात थंड पाणी, ५० हून अधिक (१९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक) स्त्रिया असतील तर पाळणाघर, ५०० किंवा अधिक कामगार असतील तर कल्याण अधिकारी. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या मे महिन्यात थंड पाण्याचे महत्त्व सांगायला सल्लागार कंपनी लागत नव्हती. पण त्या काळाची ऊब क्वार्टरमुळे होती असे मला वाटत नाही. ती नोकरी कायम असण्यातून येत होती. उद्या काढून टाकणार नाहीत हे पक्के असलेला माणूस मशीन बिघडले तर ‘बिघडले आहे’ असे सांगतो. कान यांची दुसरी अट ती हीच. आणि त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती: ऊब आतल्यांना होती. साफसफाईचा, लोडिंगचा, बागेचा माणूस तेव्हाही ठेकेदाराचाच होता आणि क्वार्टर त्याच्यासाठी नव्हते.

आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न या शहराने फार पूर्वी, फार वाईट रीतीने सोडवून दाखवला आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, देशातल्या सर्वांत उच्चशिक्षित तरुणांपैकी एक. त्यांना बोलावणारे महाराज होते सयाजीराव, ज्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. वरून सदिच्छेची काही कमतरता नव्हती. कचेरीत मात्र शिपाई फायली दुरून टाकत आणि प्यायला पाणी मिळणे मुश्कील होते. राहायला घर कुणी देईना, म्हणून पारशी सराईत ओळख लपवून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. ओळखीच्यांनी आसरा नाकारला. कमाटीबागेत संध्याकाळपर्यंत बसून बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून गेले. आज तिथे संकल्पभूमी हे स्मारक आहे आणि आपण तिथे हार घालतो. मनुष्यबळाच्या परिषदांत दूरदेशीची उदाहरणे दिली जातात, पण आपल्या गावचे हे उदाहरण कुणी काढत नाही. मालकाचे मन मोठे, पगार ठरलेला, काम बुद्धीला साजेसे. आणि तरीही माणूस टिकू शकला नाही, कारण पाण्याच्या भांड्यापासून डोक्यावरच्या छपरापर्यंतचा सगळा व्यवहार मधल्या आणि खालच्या लोकांच्या हातात होता. त्यांना कुणी जाब विचारला नाही. जातीचा तो क्रूरपणा आणि आजच्या ऑफिसातला ताण एका मापाने मोजता येणार नाहीत, मोजूही नयेत. पण सदिच्छा वरून खाली झिरपत नाही, तिच्यासाठी मधल्या माणसाला बांधून घ्यावे लागते, हे त्यातून दिसतेच.

मधला माणूस म्हणजे सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, टीम लीडर, शाखा व्यवस्थापक. गॅलपच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातले २१ टक्केच नोकरदार कामात मनापासून गुंतलेले होते. गॅलप ही मोजणी विकणारी कंपनी आहे, म्हणून तिचे आकडे मी थोडे अंतर ठेवूनच वाचते. पण दोन टीममधला फरक बहुतांशी त्यांच्या वरिष्ठांमुळे पडतो, हे तिचे जुने म्हणणे मला पटते, कारण ते कुठल्याही कॅन्टीनमध्ये ऐकू येते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा हे उघडे पडले. एकाच शहरात, एकाच पाण्यात कुणा साहेबाने ‘घर आधी आवर, मस्टरचे मी बघतो’ असे सांगितले, आणि कुणी बिनपगारी रजेचा मेसेज पाठवला. दोन्ही माणसे चार दिवसांनी कामावर आली. दुसरा माणूस मात्र तेव्हापासून नुसता हजर असतो.

आता सरकारकडे वळते, कारण कंपनीने कितीही ठरवले तरी तासांची चौकट कायदा आखतो. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ७२ तास काम घ्यायची मुभा दिली, जादा तासांचा दुप्पट दरही बाजूला ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली आणि थकलेला ओव्हरटाइम नियमाने द्यायला लावला. २०२५ मध्ये वटहुकूम आणि मग विधेयक आणून १२ तासांचा दिवस पुन्हा आला. या वेळी आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवली आणि कामगाराची लेखी संमती आवश्यक केली. कागदावर हा चार दिवसांचा आठवडा आहे, आणि मी तो कागदावर नाकारणार नाही. पण हालोलला जाणाऱ्या बसचा जाता-येताचा वेळ त्या बारात धरा आणि घरी किती तास उरतात ते बघा. आणि ठेकेदाराच्या माणसाची लेखी संमती म्हणजे काय हे ज्याने मस्टर पाहिले आहे त्याला विचारा: कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा. याच काळात मोठमोठे उद्योगपती आठवड्याला ७० तास, ९० तास काम करा म्हणून जाहीर सांगत होते. त्यांच्या कामावर त्यांचा पूर्ण ताबा आहे. व्हाइटहॉलचा सगळा मुद्दा तोच आहे, पण असो.

छोट्या कारखानदाराचा आक्षेप मला खरा वाटतो. तीस-चाळीस माणसांचे युनिट, मोठ्या कंपनीकडून बिल नव्वद दिवसांनी सुटते, बँकेचा हप्ता पाच तारखेला. तो म्हणतो, ‘ताई, तुमचे वेलबीइंग मला परवडत नाही.’ त्याला मी एवढेच म्हणेन की ॲप घेऊच नका. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या शनिवारी भिंतीवर लावा. ओव्हरटाइमचे तास पगाराच्या स्लिपवर लिहा. संडासाला कडी बसवा. रजा नाकारायची असेल तर कारण सांगा. यात खर्च कमी आणि अवघडपणा जास्त आहे, कारण तक्ता लावला की तो पाळावा लागतो. मनात आले की माणूस थांबवून घेण्याची सवय सोडावी लागते. न परवडणारी गोष्ट बऱ्याचदा ही सवय असते.

आणखी एक गोष्ट या चर्चेत सोयीस्करपणे राहून जाते. कामात पूर्ण गुंतलेला माणूस खुशाल असतोच असे नाही. अलकापुरीतल्या बँकांत मार्चअखेरीला, शाळांत निकालाच्या आठवड्यात, इस्पितळांत तर बारा महिने, सगळ्यात जीव ओतणारीच माणसे आधी कोसळतात. कामचुकार सहसा थकून आजारी पडत नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा कामामुळे होणाऱ्या कोरडेपणाची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली, तेव्हा तिचे कारण दिले ते नीट न हाताळलेला, कामाच्या जागचा दीर्घ ताण. म्हणून ‘खुशाली वाढवा म्हणजे एंगेजमेंट वाढेल’ हे वाक्य मला मुळातच खटकते. समजा उद्या सिद्ध झाले की झोप झालेला माणूस न झोपलेल्यापेक्षा एक बोल्टही जास्त आवळत नाही, तर त्याची झोप काढून घ्यायची का? थंड पाणी, ठरलेले तास, वेळेवर पगार या देण्याच्या गोष्टी आहेत. त्यातून काम सुधारते, बहुतेक ठिकाणी सुधारतेच, पण त्या अटीवर त्या दिल्या की माणसाला तेही कळते आणि तो तेवढेच मोजून परत करतो.

सर्वे करणाऱ्या कंपन्यांना एक सुचवावेसे वाटते. फॉर्म कंपनीच्या ईमेलवर जातो, त्यामुळे ज्याला ईमेल आहे त्यालाच विचारले जाते. बॉयलरजवळचा, पॅकिंगचा, गेटवरचा माणूस ठेकेदाराच्या मस्टरवर असतो. तो या मोजणीत नसतो आणि कंपनीचा आकडा त्याच्याशिवायच ठरतो. शिवाय ‘नाव लिहू नका’ म्हणून दिलेल्या फॉर्मवर विभाग, वय आणि नोकरीची वर्षे विचारली की चार जणांच्या विभागात नावाची गरजच काय उरते? पुढच्या वेळी सुरुवात गेटपासून करा. प्रश्न तीनच ठेवा: गेल्या महिन्यात किती वेळा डबल पाळी झाली, पैसे कधी मिळाले, आणि साहेबाला ‘नाही’ म्हणता येते का. उत्तरे गुजरातीत येतील, मराठीत येतील, भोजपुरीत आणि ओडियात येतील, बरीचशी तोंडीच घ्यावी लागतील. ती लिहून घ्यायला ठेकेदाराचा माणूस बसवू नका.